'हात लावू नका' आणि 'चालतंय की'



बजाजनगरातल्या कोणत्याही गच्चीवर चढा आणि चहूकडे नजर फिरवा. खाली स्लॅबचे घर, वर भाडेकरूसाठी काढलेली पत्र्याची खोली, पत्रा उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले दगड, आणि अलीकडे त्या दगडांच्या शेजारी येऊन बसलेल्या सोलरच्या प्लेटा. शेतकऱ्यांच्या पत्रकात कारखान्याच्या वसाहतीचे काय काम, असे कोणी विचारील. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, मागोमाग सुटे भाग पुरवणारे कारखाने आले, आणि त्यांत राबायला गेली ती आपलीच पोरे. गंगापूर, वैजापूर, पैठण, सिल्लोडची. पलीकडून जालना, बीड, बुलढाण्याची. कोरडवाहू कापसाने ज्याला जगवले नाही तो बजाजनगरात राहायला गेला. प्लॉट घ्यायला बापाने कधी बैल विकले, कधी एकर-दीड एकर. गावाकडच्या घरावर, गोठ्यावर, शेतातल्या शेडवर पत्रे तेच आणि दगडही तेच. आता प्लेटाही तिथे पोचल्या आहेत.

तेव्हा प्रश्न आपला आहे. ही प्लेट छताला नेमकी कशाने धरून ठेवली आहे, आणि मृगाच्या आधीच्या एखाद्या वादळी संध्याकाळी ती सुटली तर भरून कोण देणार?

या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात. प्लेट बनवणारी कंपनी म्हणते, "चौकटीला हात लावू नका. एक भोक जरी जास्तीचे पाडले तरी वॉरंटी रद्द." हे ती एका जाड पुस्तिकेत, इंग्रजीत म्हणते, आणि ती पुस्तिका घरमालकापर्यंत येतच नाही. प्लेट बसवणारा ठेकेदार म्हणतो, "चालतंय की!" आणि ड्रिल मशीन लावून पाहिजे तिथे भोक पाडतो. प्लेट जोवर जागेवर आहे तोवर या दोघांचे भांडण नसते. ती उडाली की कंपनी भोकाकडे बोट दाखवते, ठेकेदार आभाळाकडे, आणि कर्जाचा हप्ता शेतकऱ्याच्या पोराच्या पगारातून कापला जातो तो जातोच.

आपले म्हणणे या दोघांहून वेगळे आहे. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची चौकट आपल्या छताप्रमाणे बदलून घेण्याचा मालकाला हक्क आहे. तो बदल मोजमापाने झाला पाहिजे, कुठे भोक चालेल आणि कुठे चालणार नाही हे बनवणाऱ्याने छापून दिले पाहिजे, आणि भोक पाडणाऱ्याने त्याखाली सही केली पाहिजे. हे कसे, ते आता पाहू.

आधी वाऱ्याचा हिशोब. मी शेतकीचा पदवीधर, इंजिनीअर नव्हे. पण हा हिशोब शाळेतल्या गणिताचा आहे. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ भाग ३. त्यात औरंगाबादसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरासाठी, वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. म्हणजे ताशी १४० किलोमीटर. असा वारा रोज येत नाही, पण घर बांधताना तो धरायचा असतो. वेगाचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, ९.८ ने भागा. एका चौरस मीटरवर किती किलोचा जोर पडतो ते निघते. ३९ चा वर्ग १५२१, उत्तर येते सुमारे ९३ किलो. आता आपली ५४० वॉटची प्लेट घ्या. साधारण साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद, म्हणजे अडीच चौरस मीटरहून थोडी जास्त. एका प्लेटवरचा जोर झाला सुमारे २४० किलो. प्लेटचे स्वतःचे वजन किती? २८ किलोच्या आसपास. तीन किलोवॅटसाठी अशा सहा प्लेटा बसतात. सहांचा मिळून जोर जवळजवळ दीड टन.

हा ढोबळ हिशोब आहे. पत्र्याला समांतर आणि छताच्या मध्यावर बसवलेल्या प्लेटवर जोर कमी येतो. कडेला, कोपऱ्यावर किंवा उंच उभारलेल्या प्लेटवर तो वाढतो. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वेग निम्मा झाला की जोर निम्मा होत नाही, पावपट होतो. तरीसुद्धा ताशी ७० किलोमीटरच्या वाऱ्यात, जो आपण दर उन्हाळ्यात पाहतो, एका प्लेटवर ६० किलोची ओढ येते. प्लेटच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. 'एवढी जड प्लेट कशाला उडते' असे म्हणणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

आणि वारा प्लेटला खाली दाबतो त्यापेक्षा वर ओढतो ते जास्त वाईट. दाबलेली प्लेट चौकटीवर टेकते. ओढलेल्या प्लेटचा सगळा भार चार-सहा स्क्रूंवर येतो.

आता पत्र्याकडे या. आपला लोखंडी पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीचा, पुष्कळदा त्याहून पातळ. नुसत्या पत्र्यात फिरवलेला स्क्रू म्हणजे ओल्या ढेकळात रोवलेली खुंटी. स्क्रू किंवा बोल्ट पत्र्याखालच्या आडव्या अँगलमध्ये, ज्याला फॅब्रिकेशनवाले पर्लिन म्हणतात, त्यातच गेला पाहिजे. सिमेंटचा पत्रा असेल तर प्रश्नच मिटला. तो प्लेटचा भार घेणार नाही आणि त्यावर चढणाऱ्या माणसाचाही घेणार नाही. खालच्या कैचीवरून वेगळा सांगाडा काढल्याशिवाय त्यावर प्लेट नको.

बरे, पर्लिन तरी कशाने धरले आहे? ज्या घराचा पत्रा दगडाच्या भरवशावर आहे, त्या घराचे अँगल बहुधा भिंतीवर नुसते टेकवलेले असतात. अशा छताला प्लेट घट्ट बांधली तर वादळात प्लेट सुटणार नाही, अख्खे छप्परच प्लेटेसकट उठेल. म्हणून पहिले काम प्लेटचे नाही, भिंतीचे. अँगल भिंतीत काँक्रीटच्या ठोकळ्यात धरा, नाहीतर पट्टीने बोल्टून टाका. सोलरच्या जाहिरातीत हे कोणी सांगत नाही, कारण भिंतीच्या कामावर अनुदान नाही. जुन्या माळवदाच्या घरांबद्दल तर बोलायलाच नको. त्या धाब्यावर प्लेट नको. अंगणात चार खांब रोवा आणि त्यावर चढवा.

मग चौकटीत भोके का पडतात? ठेकेदाराला हौस आहे म्हणून नाही. कंपनीने चौकटीच्या खालच्या पायाला ठरावीक अंतरावर भोके पाडून दिलेली असतात, लांब बाजूवर, साधारणपणे टोकापासून लांबीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाच्या दरम्यान. आपल्या पत्र्याखालची पर्लिने मात्र गवंड्याने आणि वेल्डरने जमेल तशी टाकलेली. कुठे तीन फुटांवर, कुठे चार, कुठे पहिले दोन आणि पुढचे पाच. भोक एकीकडे आणि पर्लिन दुसरीकडे. यावर साधा, जुना आणि पक्का उपाय आहे. पर्लिनांवर आडव्या पट्ट्या टाकायच्या, ज्याला रेल म्हणतात. रेल पर्लिनला जिथे जमेल तिथे बोल्ट करायची आणि प्लेट रेलला कंपनीच्याच भोकांत. चौकटीला हात लावायची गरजच उरत नाही. दहातल्या नऊ छतांवर हाच मार्ग आहे आणि तोच धरावा.

पण रेलला पैसे लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान किलोवॅटवर ठरले आहे: दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये, तीन आणि त्यापुढे ७८,०००. स्लॅब असो की डुगडुगता पत्रा, आकडा तोच. ठेकेदार भाव लावतो तोही किलोवॅटवर. मग तो वाचवणार कशात? प्लेट ठरलेली, इन्व्हर्टर ठरलेला. उरतो तो सांगाडा. रेल वाचली, चार बोल्ट वाचले, दीड दिवसाचे काम दुपारपर्यंत उरकले. चौकटीतले जास्तीचे भोक म्हणजे ठेकेदाराच्या खिशात गेलेली रेल आहे. तपासणीला येणारा माणूस मीटरपाशी उभा राहतो, फोटो काढतो आणि जातो. शिडी मागणारा तपासनीस मला अजून भेटायचा आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात मोठा सोहळा झाला. राज्यात एका महिन्यात ४५,९११ सौर कृषिपंप बसवले म्हणून गिनीज विक्रम नोंदला गेला. विक्रमाबद्दल आपले दुःख नाही. पंप शेतकऱ्याला हवेच आहेत आणि दिवसा वीज ही जुनी मागणी आहे. पण महिन्यात किती बसवले हे ज्यांनी मोजले, त्यांनी दोन पावसाळ्यांनंतर किती जागेवर आहेत हेही तेवढ्याच थाटात मोजावे. विक्रमाच्या तक्त्यात नटबोल्टला रकाना नसतो.

आता कंपनीचे म्हणणे ऐकू, कारण ते निम्मे खरे आहे. प्लेट विकायला येण्याआधी तिची दाबाची चाचणी होते. नेहमीच्या चाचणीत २४०० पास्कलचा भार पुढून आणि मागून देतात, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २४५ किलो. त्यात दीडपट सुरक्षितता धरलेली असते, म्हणून वापरात १६०० पास्कल धरावे. तेही १६० किलोच्या वर झाले. आपल्याकडच्या मानक वाऱ्याच्या ९३ किलोपुढे हे पुष्कळ आहे. पण चाचणी होते ती कंपनीच्या भोकांत बोल्ट घालून, कंपनीने सांगितलेल्या जागी पकडून. पकड मध्यावर आणली की टोके झुलतात. टोकाला नेली की मधला भाग लवतो. काच फुटत नाही, पण आतल्या सेलला डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा जातात आणि वीज वर्षागणिक घटते. भोक पाडताना बिट घसरून मागच्या पांढऱ्या पडद्याला लागला तर पाणी आत शिरते. चौकटीच्या तळाशी पाणी निचरायला बारीक छिद्रे असतात, ती बुजली तर पाणी साचते. ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर भोकाच्या कडेला निघून जातो. हे सगळे खरे आहे.

मग निम्मे खोटे काय? खोटे हे की यावर उपाय 'हात लावू नका' हा आहे. भोक कुठे पाडले तर चौकट कमजोर होते हे कंपनीला ठाऊक आहे, तर कुठे पाडले तर होत नाही हेही तिला ठाऊक असलेच पाहिजे. ते सांगत नाही, कारण सांगितले की जबाबदारी येते. आणि छत मात्र असे गृहीत धरते की जसे काही सगळ्या हिंदुस्थानची पर्लिने तिच्या नकाशाप्रमाणे पडली आहेत.

आपली तिफण आठवा. कोणत्या गावात तिफण जशी मिळाली तशीच चालवली गेली? ज्वारीला दोन ओळींत दीड फूट ठेवायचे ही शिफारस, पण भारी जमिनीत, हलक्या जमिनीत, ओल किती आहे ते पाहून शेतकऱ्याने सुताराकडे नेऊन फणातले अंतर बोट-दोन बोटे इकडेतिकडे केलेच. सुतार ते अंदाजाने करत नाही. तो दांडीवर खूण करतो, दोन्हीकडचे माप जुळवतो, मग किकरे लावतो. तिफण बदलली म्हणून कोणी वॉरंटी रद्द केली नाही, आणि 'चालतंय की' म्हणून फण कुठेही ठोकला तर पेरणी वाकडी आली, हेही गावाने पाहिले. शहरातल्या लोकांना शेतकऱ्याच्या 'जुगाडा'चे फार कौतुक. मला या कौतुकाचा राग येतो. मोजून, खूण करून, जबाबदारीने केलेल्या कामाला जुगाड म्हणणे म्हणजे कारागिराला अडाणी ठरवणे. आणि न मोजता केलेल्या कामाला तेच नाव देऊन टाळ्या वाजवणे म्हणजे त्याला मरणाच्या वाटेवर ढकलणे.

आणि बजाजनगराइतके हे काम जाणणारी वस्ती दुसरीकडे सापडणे कठीण. ही पोरे दिवसभर काय करतात? ॲल्युमिनियमचे ओतीव भाग, प्रेसचे भाग, वेल्डिंग, पावडर कोटिंग. एक भोक एका जागी पडावे म्हणून जिग बनवतात, नट किती घट्ट करायचा त्यासाठी टॉर्क रेंच वापरतात, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचे माप घेतात. कारखान्यात भोक अर्धा मिलिमीटर सरकले तर भाग परत येतो आणि सुपरवायझर ओरडतो. तोच पोरगा रविवारी स्वतःच्या छतावर पायाने प्लेट दाबून धरतो आणि हातानेच ड्रिल चालवतो. कसब त्याच्याकडे कमी नाही. त्याच्या हातात नकाशा कोणी दिला नाही, आणि विचारायची सोय ठेवली नाही.

तेव्हा चौकट बदलणे कधी आणि कसे, ते आता सांगतो. नव्या, वॉरंटी असलेल्या, अनुदानाच्या प्लेटला कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय भोक पाडू नका, रेल टाका. ठेकेदार रेल टाकत नसेल तर शेवटचा हप्ता देऊ नका. चौकट बदलण्याचा प्रसंग येतो तो मुख्यतः जुन्या, भंगारातून किंवा दुसऱ्याकडून घेतलेल्या प्लेटांवर. त्यांना अनुदान नसते, वॉरंटी उरलेली नसते, कंपनीची भोके फाटलेली किंवा गंजक्या बोल्टने रुंदावलेली असतात. शेतातल्या शेडवर दोन दिवे, एक पंखा आणि फवारणीच्या पंपाचे चार्जिंग एवढ्यासाठी आपले लोक अशा प्लेटा घेतात. त्यात गैर काही नाही.

प्लेट सपाट जागी गोणपाटाच्या दोन घड्यांवर काच खाली करून ठेवा. काचेवर ऊन नाही म्हणजे करंट नावापुरताच. भोक फक्त चौकटीच्या खालच्या, आत वळलेल्या पायाला. काचेला धरणाऱ्या उभ्या बाजूला कदापि नाही. कोपऱ्याच्या जोडापासून निदान वीतभर लांब, पायाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर, आणि दोन्ही लांब बाजूंना अगदी समोरासमोर. जागा तीच, पाचव्या ते चौथ्या हिश्शाच्या दरम्यानची. हातावर भरवसा ठेवू नका. जाड पट्टीच्या तुकड्यात आधी एक भोक पाडून जिग करा, तो चौकटीला क्लँपने धरा. चौकटीचा पाय आणि मागचा पांढरा पडदा यांच्यामधल्या फटीत लाकडाची पट्टी सरकवा, म्हणजे बिट आरपार गेला तरी लाकडात रुतेल. आठ मिलिमीटरच्या बोल्टला नऊचे भोक. बर कानशीने काढा, चुरा ब्रशने झाडा. फडक्याने पुसाल तर पडद्यावर ओरखडे येतील. उघड्या पडलेल्या कडेला रंगाचा हात मारा.

एवढ्याने भागत नाही. पातळ पायाला एकटा बोल्ट ओढेल तर पाय फाटेल. म्हणून पायाखाली पाच मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी द्या, निदान वीतभर लांबीची, म्हणजे ओढ वाटली जाईल. चौकटीतून काही कापून काढण्यापेक्षा तिला जोड द्यायची, असा विचार धरा. बोल्ट, नट, वायसर स्टेनलेसचे. ॲल्युमिनियम थेट लोखंडी अँगलवर टेकवू नका. पावसाच्या पाण्यात दोन धातूंचा संग झाला की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. मध्ये रबराचा जाड तुकडा. टॉर्क रेंच असेल तर आठच्या बोल्टला साधारण १६ ते २० न्यूटन-मीटर. वाळूजच्या पोरांना हे सांगायला नको. पायाची पट्टी ग्राइंडरने कापून प्लेट 'बसती' करायची नाही. चौकटीला वेल्डिंग तर नाहीच, आणि बसवलेल्या प्लेटांच्या शेजारी अँगलचे वेल्डिंगही नको. प्लेटची चौकट वाकलेली किंवा काच तडकलेली असेल तर ती स्वस्तात घेऊन दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका.

स्लॅबवर बसवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. गळतीच्या भीतीने स्लॅबला भोक नको म्हणून काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करतात. कल्पना चांगली, ठोकळे मात्र तेलाच्या रिकाम्या डब्यात ओतलेले. एका डब्याचे काँक्रीट जेमतेम ४० किलो भरते. एका प्लेटला चार डबे म्हणजे १६० किलो, आणि हिशोब आपण वर केला, २४० किलोचा. फूटभर लांब-रुंद-उंच ठोकळा करा, तो ६५ ते ७० किलोचा होतो. चार झाले की सुमारे पावणेतीनशे. ठोकळे तुळईच्या जवळ ठेवा, पोटात नको.

आता कापूसवाल्यांनी कान देऊन ऐकावे असे एक. सहा प्लेटा एकामागे एक जोडल्या की उन्हात सुमारे ३०० व्होल्ट तयार होतात, तेही डीसी. मीटरचा खटका पाडला तरी प्लेटपासून येणारी वायर जिवंतच राहते, कारण सूर्याला खटका नाही. घरातल्या एसी करंटची ठिणगी विझायला वाव असतो, कारण तो सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. डीसीची ठिणगी पेटली की पेटून राहते. ठेकेदाराने वायर पत्र्याच्या कापलेल्या कडेवरून नुसती ओढली, वाऱ्याने ती घासत राहिली, वरचे आवरण गेले, की अख्खे छत करंटवर येऊ शकते. आणि त्या पत्र्याखाली गावाकडच्या घरात काय असते? कापूस. छतापर्यंत रचलेला.

तो तिथे का असतो हे सरकारने आपल्याला विचारू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढले, आधी सप्टेंबरअखेर म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत मुदत वाढवली, नेमकी आपली वेचणी चालू असताना. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये कागदावर होता. भाव वर येईल या आशेने माल घरात राहतो. ज्या धोरणाने कापूस झोपायच्या खोलीत आणून ठेवला, त्याच सरकारची दुसरी योजना त्याच खोलीवर ३०० व्होल्टची वायर टाकून जाते, आणि दोन्ही खाती एकमेकांना ओळखत नाहीत. तोपर्यंत आपण आपली काळजी घ्यायची. वायर पाईपमधूनच न्यायची, पत्र्याच्या कडेला रबर लावायचा, जोड कापसाच्या खोलीवर येऊ द्यायचा नाही. प्लेटा ज्या खोलीवर आहेत तिथे कापूस रचायचा नाही. ज्वारीची पोती चालतील.

अर्थिंगबद्दल दोनच वाक्ये. चौकटीवरचा चकचकीत थर करंट वाहू देत नाही, त्यामुळे चौकट लोखंडाला टेकली म्हणजे अर्थ झाली असे नाही. चौकटीवर अर्थची खूण असलेले भोक असते, तिथे दातेरी वायसर घालून प्रत्येक प्लेट तारेने जोडावी लागते आणि ती तार जमिनीतल्या अर्थपर्यंत न्यावी लागते. आपल्या भागात विजा किती पडतात ते कोणाला सांगायला नको.

शरद जोशींनी बाजारपेठेच्या स्वातंत्र्याबरोबर तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची मागणी लावून धरली, ती बियाण्याच्या संदर्भात. २००१ साली गुजरातेत नवभारत १५१ चा कापूस उपटायचा हुकूम निघाला तेव्हा शेतकरी त्या आड आला. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला बंदी असलेल्या तणनाशकरोधक कापसाची पेरणी जाहीरपणे झाली. त्या लढ्यांत प्रश्न हा होता की कोणते बियाणे लावायचे हे कोणी ठरवायचे. आज प्रश्न पुढे सरकला आहे. तंत्रज्ञान आता दारात आले, किंबहुना ढकलून आणले गेले. पण ते उघडायचे, बदलायचे, दुरुस्त करायचे स्वातंत्र्य बाहेरच ठेवले. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना स्वतःचा ट्रॅक्टर दुरुस्त करता यावा म्हणून भांडावे लागले. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये तसा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती वस्तू, वाहने अशी चार क्षेत्रे धरली. छतावरची प्लेट यांतल्या कोणत्या खणात बसते ते त्यांनी सांगावे. आम्हाला विचाराल तर पंपाची प्लेट हे शेतीचे अवजार आहे आणि घरावरची घरगुती वस्तू.

काही कार्यकर्ते म्हणतील, हमीभाव, आयात, वीजबिल हे मोठे प्रश्न सोडून नटबोल्टवर काय बोलायचे? ज्याच्या घरावरची प्लेट शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडली त्याला हे विचारा. शिवाय हमीभावासाठी दिल्लीकडे बघावे लागते. नटबोल्ट आपल्या हातात आहे.

जिल्हा बैठकीपुढे ठराव येणार आहे. प्रत्येक प्लेटेसोबत मराठीत छापलेला कागद मिळावा: कुठे पकडायचे, कुठे भोक चालेल, कुठे नाही, किती घट्ट. पर्लिनच्या अंतराप्रमाणे सांगाड्याचा नकाशा ठेकेदाराने सहीनिशी द्यावा आणि अनुदानाची रक्कम सुटण्याआधी तपासनिसाने शिडी लावून तो पडताळावा. पत्र्याच्या छताला रेल आणि भिंतीतली पकड यांचा खर्च अनुदानात वेगळा धरावा. नकाशाप्रमाणे बदललेल्या चौकटीची वॉरंटी कायम राहावी. जमत नसेल तर कंपनीने लेखी सांगावे की ही प्लेट पत्र्याच्या घरासाठी नाही, म्हणजे निदान अनुदानाच्या जाहिरातीतून आपली घरे वगळली जातील आणि खरे काय ते सर्वांना कळेल.

बैठकीला येताना ज्यांच्या छतावर प्लेटा आहेत किंवा बसवायच्या आहेत त्यांनी चार मापे कागदावर आणावीत: पर्लिनांमधले अंतर, पत्र्याची जाडी, अँगल भिंतीत कसा धरला आहे, आणि प्लेटच्या मागच्या लेबलवरचा कंपनीचा व मॉडेलचा नंबर. वर चढताना पर्लिनच्या ओळीवरच पाय ठेवा, दोघांनी मिळून जा, आणि वारा सुटला असेल त्या दिवशी जाऊ नका. वाळूजमध्ये टूलरूममध्ये काम करणाऱ्या आपल्या पोरांनी जिगचा तुकडा सोबत आणावा. त्यावरून माप घेऊन गावागावाला एकेक करून देता येईल.